साडेतीन वर्षांच्या मुलीला कमी खर्चात घरीच कसे शिकवावे, आणि तिचा चौथा वाढदिवस कसा करावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मुलीला वर्षभर घरीच शिकवायचे आहे पण हात आखडता आहे, तेव्हा कोणते कल्पक उपक्रम करावेत, आणि सहा महिन्यांनी येणारा तिचा वाढदिवस फारसा खर्च न करता कसा साजरा करावा. माझ्या मुलाला मी तिसऱ्या वर्षापासून पाच पूर्ण होईपर्यंत घरी शिकवले. या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे, हे मला त्याच्या पाचव्या वाढदिवसाच्या तयारीत उमगले, आणि तोपर्यंत व्हायचा तो खर्च होऊन गेला होता.

सुरुवातीला मीही सामानाची भलीमोठी यादी केली होती. चित्रकार्डे, अक्षरांचे तक्ते, आकड्यांचे ठोकळे असे बरेच काही घरात आले आणि महिन्याभरात कपाटात गेले. टिकले ते एक पसरट भांडे, दोन पेले आणि एक नरसाळे. एका दुपारी मुलगा उंच पेल्यातले पाणी त्या पसरट भांड्यात ओतून म्हणाला, “कमी झालं.” तेच पाणी पुन्हा पेल्यात ओतल्यावर म्हणाला, “परत वाढलं.” त्याला दुरुस्त करण्याचा मोह मला झाला होता, पण सुदैवाने मी गप्प बसले. भांड्याचा आकार बदलला तरी पाणी तेवढेच राहते, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास येते, असे झां पियाजे या मानसशास्त्रज्ञाने अशाच पेल्यांच्या प्रयोगांतून दाखवले होते. ती सांगून येत नाही, शेकडो वेळा ओतून येते. मात्र बादलीभरच काय, चार बोटे पाणी असले तरी मुलाला तिथे एकटे सोडू नये.

बालशिक्षणाचा इतिहासही साध्या वस्तूंच्याच बाजूने आहे. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्यांच्या साधनांपैकी पहिले साधन म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू, आणि दुसरे म्हणजे लाकडी गोल, घन आणि दंडगोल. मारिया मॉन्टेसरी यांच्या रोममधल्या, 1907 मध्ये सुरू झालेल्या ‘बालगृह’ या शाळेत मुले पाणी ओतत, बटणे लावत आणि टेबल पुसत. हे सारे आपल्या घरात रोज घडतच असते. फक्त आपण ते मुलांना करू देत नाही, कारण त्यांनी केले की तिप्पट वेळ लागतो आणि नंतर फरशी पुसावी लागते. ती फरशी पुसणे हाच या शिक्षणाचा खरा खर्च, असे मी अनुभवाने सांगते.

मोजणीचेच पाहा. माझा मुलगा वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणत असे आणि मला त्याचे भारी कौतुक होते. एकदा जेवणाआधी त्याने सहा चमचे बोट ठेवून नीट मोजले. “मग किती चमचे आहेत?” असे विचारताच त्याने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्या चमच्यांची संख्या, ही गोष्ट त्याच्या लक्षात आलीच नव्हती. त्यानंतर अंकांचे तक्ते मी बाजूला ठेवले आणि रोज त्याच्याकडून माणशी एक याप्रमाणे ताट, वाटी, चमचा मांडून घेऊ लागले. एखादा चमचा कमी पडला की तो स्वतःच “एक हवा” म्हणून स्वयंपाकघरात पळे. दोनेक महिन्यांत “किती?” या प्रश्नाला थेट उत्तर येऊ लागले.

अक्षरांची घाई करू नका. तिच्या नावाचे पहिले अक्षर आणि मग ‘ग म भ न’ एवढ्यावर बरेच दिवस जातील. पुठ्ठ्यावर डिंकाने ठसठशीत अक्षर काढून त्यावर बारीक वाळू भुरभुरावी. वाळल्यावर तिने त्यावरून बोट फिरवावे. त्यापूर्वी बोटांत ताकद यायला हवी आणि त्यासाठी कणीक मळण्यासारखा उपाय नाही. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे, साधारण वाटीभर पाणी घातले की खेळाचा गोळा तयार होतो. मिठामुळे तो लवकर खराब होत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात बरेच दिवस राहतो. मात्र त्यात मीठ फार असल्याने तो मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या पोटात जाऊ देऊ नये. दोन भाग कॉर्नफ्लोअर आणि एक भाग पाणी यांचे मिश्रणही मुलांना खिळवून ठेवते: चापट मारली तर घट्ट, बोट अलगद बुडवले तर पातळ. ते मोरीत ओतू नका, पीठ तळाशी बसून नळी तुंबते. आमची तुंबली होती.

रोज मोठ्याने पुस्तक वाचणे मी गृहीतच धरते. पुस्तके वाचनालयातून आणावीत आणि तेच पुस्तक पंधराव्यांदा वाचायला लागले तरी कुरकुर करू नये. बसून करण्याच्या गोष्टींना दिवसातून अर्धा तास पुरे झाला. घरी शिकवण्याबाबतचे नियम देशोदेशी वेगवेगळे आहेत, तेव्हा शाळेचे सक्तीचे वय कधी सुरू होते ते आधीच पाहून ठेवावे.

आता वाढदिवस. मुलाच्या चौथ्या वाढदिवसाला मी अठरा मुले बोलावली, फुगे लावले आणि संगीत खुर्ची ठेवली. दहा मिनिटांत बाद झालेल्या मुलांचा घोळका भिंतीशी रडत उभा होता आणि उत्सवमूर्ती टेबलाखाली जाऊन बसली होती. पाचव्या वाढदिवसाला शहाणपण आले. वय अधिक एक, इतकीच मुले बोलवावीत हा जुना ठोकताळा उत्तम आहे, आणि दीड तासाहून जास्त वेळ ठेवू नये. संगीत खुर्चीऐवजी जमिनीवर वर्तमानपत्रे पसरावीत. गाणे थांबले की एक कागद काढायचा, पण कोणीही बाद व्हायचे नाही, उरलेल्या कागदांवर सगळ्यांनी मावायचे. शेवटच्या कागदावर सहा मुले एकमेकांना घट्ट धरून जे हसत होती, ते मला अजून आठवते.

सजावट विकत आणण्याऐवजी तोच पंधरा दिवसांचा अभ्यास करावा. रोज एक याप्रमाणे रंगीत कागदाच्या पट्टीचे कडे साखळीत जोडायचे: लाल, पिवळे, लाल, पिवळे. पुढचे कडे कोणत्या रंगाचे, हे तिने सांगायचे, आणि किती दिवस झाले हे कडी मोजून पाहायचे. आठवड्याने मी मुद्दाम दोन लाल कडी लागोपाठ लावली, तेव्हा माझ्या मुलाने माझ्याकडे जो तुच्छतेचा कटाक्ष टाकला त्यावरून क्रम त्याला पक्का कळल्याचे समजले. निमंत्रणपत्रिकांवर कापलेल्या भाजीचे ठसे उमटवावेत आणि तिच्या नावाचे पहिले अक्षर तिनेच काढावे, उलटे आले तरी तसेच जाऊ द्यावे. प्रत्येक पाहुण्यासाठी एक ताटली, एक पेला मांडणे ही तर रोजचीच मोजणी झाली.

खेळ दोन-तीनच ठेवावेत. आदल्या रात्री मोठ्या वाटीत पाणी घालून त्यात प्लास्टिकचे प्राणी गोठवावेत. दुसऱ्या दिवशी मुलांना कोमट पाणी, मीठ आणि चमचे देऊन “यांना सोडवा” म्हटले की वीस मिनिटांची निश्चिंती. लाल कोबी उकळून गाळलेले जांभळे पाणी असेल तर लिंबाच्या रसाने ते गुलाबी होते आणि खायच्या सोड्याने निळसर हिरवे. याचे कारण सांगू नका, पुन्हा पुन्हा करू द्या. घरातल्या घरात शोधाशोधीचा खेळ ठेवायचा असेल तर चिठ्ठ्यांवर शब्दांऐवजी चित्रे काढा. फुगे मात्र मी पुन्हा आणले नाहीत, कारण न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. पाहुण्यांत तीन वर्षांखालचे भावंड असेल तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी कोणतीही वस्तू खाली ठेवू नये.

परतभेट म्हणून प्रत्येक मुलाने स्वतः रंग निवडून मळलेला कणकेचा गोळा छोट्या डबीत घालून दिला. मोठ्या खोक्याला खिडकी कापून आम्ही एक दुकान केले होते, ते दुसऱ्या दिवशी मोडायचे मी ठरवले होते. मालकाने परवानगी दिली नाही. ते अकरा दिवस खोलीच्या मधोमध उभे होते, आणि त्यातून मला माझाच चमचा रोज तीनदा, दर वेळी वेगळ्या भावाने, विकत घ्यावा लागला.