बोटीच्या ट्रेलरच्या लाइटचा अर्थ: चासीसला द्यावा की वेगळी वायर ओढावी?

तुमचा प्रश्न असा: वर्सोव्याला ठेवलेल्या बोटीच्या ट्रेलरचं वायरिंग बदलून एलईडी लाइट बसवायचे आहेत, आणि वायरमन म्हणतोय की अर्थ (म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याची वाट) चासीसलाच मारू, वेगळी वायर कशाला? माझं मत विचाराल तर वेगळी वायर ओढाच. प्रत्येक लाइटपासून थेट पुढच्या प्लगपर्यंत.

वायरमन चुकीचं बोलत नाहीये, पण तो गाडीच्या हिशोबानं बोलतोय. गाडीची बॉडी वेल्डिंग केलेली, एकसंध आणि बऱ्यापैकी कोरडी असते. ट्रेलरवर तोच करंट लाइटच्या ब्रॅकेटमधून बोल्टमध्ये, तिथून चासीसमध्ये, मग पुढच्या दांड्यात आणि प्लगची अर्थ पिन धड नसली तर शेवटी ग्रीस फासलेल्या कपलरमधून, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवतो त्या जोडातून, गाडीत जातो. यातला प्रत्येक जोड उघडा. त्यात खारं पाणी आणि आपली खारी हवा. गॅल्व्हनाइज्ड चासीसवर बोल्टभोवती पांढरी भुकटी साचली की समजा, तो जोड कामातून गेला.

एलईडी घेतले म्हणजे हा प्रश्न सुटला, असंही समजू नका. उलट दोष शोधणं अवघड होतं. दोन फिलामेंटच्या जुन्या बल्बचा अर्थ गेला, तर ब्रेकचा किंवा इंडिकेटरचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा फिरायचा. इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकायची आणि आपल्याला लगेच कळायचं. एलईडीत बहुतेक वेळा डायोड असतो, करंट उलटा जात नाही. लाइट मुकाट्यानं मंद होते किंवा बंद पडते, आणि तुम्ही उगाच नवा लाइट विकत आणता.

अर्थची वायर बाकीच्यांपेक्षा जाड घ्या, कारण सगळ्यांचा करंट त्याच वाटेनं परत येतो. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. ब्रेक आणि इंडिकेटर मिळून असे चार बल्ब लागले की सात अँपिअर झाले. एलईडीला यापेक्षा बरंच कमी लागतं, तरी बाकीच्या वायरी १ स्क्वेअर एमएमच्या असतील तर अर्थ १.५ किंवा २.५ ची टाका. उद्या कोणी परत बल्ब बसवला तरी चालेल.

वायर टिन्ड कॉपरची, म्हणजे कथलाचा मुलामा असलेली, असेल तर उत्तम. मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात विचारा. साध्या तांब्याच्या जुन्या वायरचं आवरण थोडं सोलून बघा. आत तांबं काळं पडलेलं दिसेल, त्यावर डाग (सोल्डर) देखील धरत नाही. तो काळेपणा वायरच्या आतून लांबवर गेलेला असतो, म्हणून टोक कापून भागत नाही, पूर्ण वायर बदला. जोडांवर इन्शुलेशन टेप नको, आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. वायरला चिमटा मारून बसवायचे ते निळे क्लिप तर अजिबात नकोत. ते आवरण कापतात आणि पाण्याला वाट करून देतात.

ज्या लाइटला अर्थची वायरच नाही, नुसता बोल्ट आहे, त्या बोल्टला रिंगचा लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावून वायर आणा. चासीसला अर्थ द्यायचाच असेल तर एकाच ठिकाणी, पुढे कपलरच्या मागे, जिथे पाणी पोचत नाही तिथे. सात पिनच्या नेहमीच्या १२ व्होल्ट सॉकेटात तिसरी पिन अर्थची आणि वायर पांढरी असते. पण आपल्याकडे वायरमनच्या हाताला लागेल तो रंग, त्यामुळे मल्टिमीटरनं खात्री करून घ्या.

आणि हो, उतारावर ट्रेलर पाण्यात ढकलण्याआधी प्लग काढा. तिथे तुमचा पाय ब्रेकवर असतो, म्हणजे ब्रेकलाइटला सप्लाय चालू. चालू वायर खाऱ्या पाण्यात गेली की पिना झपाट्यानं खाल्ल्या जातात.

काम झाल्यावर मीटरच्या नुसत्या बीपवर विसंबू नका. वायरची एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. लाइट चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक प्रोब लाइटच्या अर्थला, दुसरा गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर एकेक जोड हातानं हलवत पुढे सरका. ज्या जोडाला आकडा उडेल, तो कापून नव्यानं करा.