शेपटी नसलेल्याला माकड म्हणू नका

'प्लॅनेट ऑफ द एप्स' या चित्रपटमालिकेला मराठीत 'माकडांचा ग्रह' म्हणावं की 'वानरांचा', असा प्रश्न आला आहे.

माकड तर मुळीच नको! एप म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान ही मंडळी, आणि यांतल्या एकालाही शेपटी नाही. तरी नवा भाग आला की परीक्षणांत सीझर या चिंपांझीचं बिनदिक्कत 'माकड' होतं. 'वानर' त्यातल्या त्यात बरा, पण गावाकडे कुणालाही विचारा: लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं आणि लांबलचक शेपटीचं ते वानर. म्हणजे शेपटी कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच.

शब्द मात्र झकास आहे. 'वा नरः', म्हणजे 'हा नर तर नव्हे?', ही व्युत्पत्ती कीर्तनात टाळ्या घेते, तिथंच तिला राहू द्यावं. जाणती मंडळीही ती छापून मोकळी होतात याचं नवल वाटतं. मूळ आहे 'वन'. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'वनर्गू' येतो, रानात हिंडणारे या अर्थी. कोणाला लावलाय? जिवावर उदार झालेल्या दोन चोरांना, म्हणजे चक्क माणसांना! 'वानर' याच 'वनर्'वरून आला असावा, असं संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर विल्यम्सही म्हणतो. मी तर 'असावा' हेही काढून टाकीन. रानातला तो वानर, मग दोन पायांचा असो की चार.

आता मलाय भाषेत चला. ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे रान. ओरांगउटान हा नावानंच रानातला माणूस. आणि 1968च्या चित्रपटात माणसाला मुकं जनावर ठरवायला उभा कोण? डॉ. झायस, ओरांगउटान! विज्ञानमंत्रीही तोच, धर्मरक्षकही तोच. गुहेतल्या उत्खननात माणसाची बाहुली सापडते आणि ती 'ममा' म्हणते. माणूस मुकाच होता, तर बोलणारी बाहुली घडवली कोणी? झायसला ते आधीपासून ठाऊक असतं, म्हणून तर गुहाच उडवून द्यायचा हुकूम सोडतो. माणूस आणि पशू यांच्यातली रेघ या चित्रपटांनी शेपटीवर नाही, वाचेवर ओढली आहे. 2011च्या भागात सीझर पहिला शब्द उच्चारतो, 'नो', आणि समोरचा माणूस थिजतो.

घोळ आपलाच आहे असंही नाही. पिएर बूलची मूळ कादंबरी फ्रेंच, 1963ची. फ्रेंच 'सँज' शब्दात माकड आणि एप दोन्ही बसतात, त्यामुळे ब्रिटनमध्ये ती आधी 'मंकी प्लॅनेट' नावानं निघाली.

हां, तुमचा प्रश्न. 'कपी' घ्या. संस्कृतात तोही माकडच, मारुतीही कपीश, हे मला सांगायला येऊ नका. रोजच्या मराठीत तो शब्द रिकामा बसलाय, त्याला कामाला लावा. 'कपींचा ग्रह'.