रत्नागिरीत एकच गाडी घेणार असशील तर

आरे-वारेच्या समुद्रकाठच्या वळणांवर बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार चालवण्याचं सुख मोठंच आहे, त्यामुळे तुझा जीव तिच्यात का अडकलाय ते कळतं. पण घरात एकच गाडी असणार असेल तर ती घेऊ नकोस. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चढताना रॅम्पच्या तोंडाशी तिचा बंपर घासेल, आणि वाडीतल्या जांभ्याच्या चढावर पोट. स्विफ्टसारख्या साध्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, १६३ मिमी आहे, तरी आपल्याकडच्या गतिरोधकांवर तीही जपूनच न्यावी लागते. शिवाय मे महिन्यात आई-आप्पा आणि आंब्याच्या पेट्या दोन सीटांत कुठे बसवशील?

मन मारायचीही गरज नाही. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनसारखी १ लिटर टर्बो इंजिनाची, १२० पीएस ताकदीची हॅचबॅक बघ. घाटात मजा येते ती हलक्या वजनाने आणि नेमक्या स्टिअरिंगने.

खारी हवा मात्र कुठल्याच गाडीला सोडत नाही. अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला गंजरोधक लेप, करूनच घे, वाळूत नेलीस तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धू. टेस्ट ड्राइव्हला निवळी घाटात जा, मागे आईला बसव आणि तिला काय वाटलं ते विचार.