कोणत्या खेळातल्या खेळाडूंचं शरीर सगळ्यात अचाट असतं?

मित्र फुटबॉल म्हणतो, तुम्ही बॉक्सिंग म्हणता आणि त्यावर पैज लागली आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर दोघांनाही आवडणार नाही. नौकानयन, म्हणजे रोइंग.

दोन वर्षांपूर्वी मलाही हे ऐकून हसू आलं असतं. कोपरखैरण्यातल्या आमच्या जिममध्ये एका कोपऱ्यात रोइंग मशीन आहे, लोक त्यावर घामाचे टॉवेल टाकतात. ट्रेनरने डिवचलं म्हणून एकदा २००० मीटर ओढायला बसलो. पहिले ५०० मीटर मजेत गेले. हजारला मांड्या पेटल्या. पंधराशेच्या पुढे स्क्रीनवरचे आकडे धड दिसेनात. ८ मिनिटं ४१ सेकंदांनी सुटलो आणि थेट मोरी गाठून ओकलो. घरी येऊन शोधलं, तर ऑस्ट्रेलियाच्या जोश डंकली-स्मिथने २०१८ मध्ये मशीनवर हेच अंतर ५ मिनिटं ३५.८ सेकंदांत ओढलेलं. तीन मिनिटांचा फरक! त्या दिवसापासून मी या खेळाच्या नादी लागलो.

आता कारण सांगतो. निसर्ग सहसा एका हाताने देतो तेव्हा दुसऱ्या हाताने काढून घेतो. मॅरेथॉनचा किपचोगे बघा, उंची १.६७ मीटर, वजन ५२ किलोच्या आसपास. धावताना प्रत्येक पावलाला स्वतःचं वजन उचलावं लागतं, शिवाय मोठं अंग लवकर तापतं, म्हणून तिथे किरकोळ बांध्याची माणसं पुढे येतात. दुसऱ्या टोकाला जॉर्जियाचा वेटलिफ्टर लाशा तालाखाद्झे. त्याने २०२१ मध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये २६७ किलो डोक्यावर नेले, पण त्याचं स्वतःचंच वजन १७० किलोच्या वर. त्याला कोपरखैरण्याहून वाशीपर्यंत पळायला सांगा बरं.

रोइंगमध्ये मात्र वजन होडी पेलते. त्यामुळे उंच, जाडजूड हाडाचा माणूस चालतो, उलट लांब हातापायांचा फायदाच होतो. पण शर्यत साधारण साडेपाच ते साडेसात मिनिटांची. म्हणजे ताकद पैलवानाची हवी आणि दमसास लांब पल्ल्याच्या धावपटूचा. सव्वादोनशेच्या आसपास वेळा वल्हं ओढायचं, आणि प्रत्येक वेळी जीव तोडून. धडधाकट तरुण जोर लावून मिनिटाला तीन-साडेतीन लिटर ऑक्सिजन वापरतो, अव्वल रोअर सहाच्याही वर जातो. ब्रिटनच्या पीट रीडच्या फुप्फुसांची क्षमता ११.६८ लिटर मोजली गेली होती. तुमची-माझी पाच-सहा असेल.

आणि हे हातांचं काम नाही बरं का. दिवाळे कोळीवाड्यातले काका खाडीत वल्हं मारतात ते खांद्याने आणि कमरेने. शर्यतीच्या होडीत सीट रुळांवर पुढेमागे सरकते, त्यामुळे निम्म्याहून जास्त जोर पायांतून येतो. मशीनवर मी हातानेच ओढत बसलो होतो, ट्रेनर मागून “पाय, पाय!” करून ओरडत होता.

माझे वडील माथाडी. तुर्भ्याच्या मार्केटात, दाणाबंदराच्या टोळीत त्यांची हयात गेली. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन त्यांनी थप्प्या लावल्यात, पुढे गोणी पन्नासवर आली तोवर गुडघे गेले होते. ताकद कशाला म्हणतात हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यांना मोबाईलवर एका शर्यतीचा शेवट दाखवला. रेषा ओलांडल्यावर सगळे होडीतच आडवे झाले होते. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आपली गोणी थप्पीला लागली की पाठ मोकळी. ह्यांची गोणी खाली उतरतच न्हाई की रं.” मी एवढं सगळं लिहिलं, त्यांनी दोन वाक्यांत आटपलं.

मोठं शरीर कसं कामाला येतं याचं ताजं उदाहरण जर्मनीचा ऑलिव्हर झाइडलर. उंची २.०३ मीटर. २०१६ पर्यंत गडी पोहत होता. मग रोइंगकडे वळला, २०१९ मध्ये विश्वविजेता झाला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये सुवर्ण. पण मला जास्त जवळचा आपला दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. पाणी लागेपर्यंत खाली जायचं हे त्याचं पाण्याशी नातं. २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथे उंची बघून त्याला होडीत बसवलं, आणि चार वर्षांत हा रिओ ऑलिंपिकला एकेरीत १३वा! २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत आजारपणामुळे शेवटचा आला, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या होडीतून सुवर्ण घेऊन उतरला. एका रात्रीत शरीर असं परत उभं राहतं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

एक प्रामाणिक कबुली. किलोमागे किती ऑक्सिजन वापरला असा हिशोब धरला, तर बर्फावर लांब पल्ल्याचं स्कीइंग करणारे रोअरच्या पुढे जातात. फिनलंडचा एरो मँटिरांटा तर जन्मतःच वेगळा होता. जनुकातल्या बदलामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी खूप जास्त बनायच्या. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णं घेतली. तुम्ही स्कीइंग म्हणाला असतात तर मी भांडलो नसतो. बास्केटबॉलवर मात्र भांडेन, कारण उंची ही तिथे दारावरची चाळणी आहे, कमावलेली गोष्ट नाही. मल्लखांबाचं नाव कुणीतरी काढेलच. एरंडेल लावलेल्या खांबावर अढी घालून उलटं लटकणारी पोरं बघून माझाही श्वास अडकतो. पण ती शरीरावरची हुकमत आहे, शरीर तुमच्या-आमच्याच मापाचं असतं.

बॉक्सिंगमध्ये वजनगट असतात, म्हणजे प्रत्येक मापाच्या माणसाला जागा आहे. शिवाय फेऱ्यांच्या मधे मिनिटभर स्टूल मिळतं. मार खाऊन उभं राहणं अफाट आहे, मान्य. पण तुमचा प्रश्न शरीराचा होता, जिगरीचा नाही. फुटबॉलचं तर सोडाच. १.६५ मीटरच्या मॅराडोनाने सगळ्या जगाला नाचवलं, तिथे डोकं आणि पाय चालतात, फीतपट्टी नाही.

पैज मिटवायचीच असेल तर मित्राला घेऊन जिममध्ये जा आणि दोघंही २००० मीटर ओढा. आधी जेवू नका. पहिले ५०० मीटर त्याला जोरात जाऊ देऊ नका, नाहीतर हजारलाच उठेल आणि कोण जिंकलं यावर पुन्हा नवी भांडणं. बादली जवळ असू द्या, आमच्या जिमची मोरी लांब होती.