विंडोज १० बंद झालं म्हणून सहा संगणकांसाठी कर्ज काढायचं का?

प्रश्न: कराडला माझं टायपिंग, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म आणि टॅलीचं छोटं सेंटर आहे. २०१६ साली घेतलेले सहा संगणक आहेत (आय-थ्री सहावी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क). विंडोज ११ त्यांवर चालत नाही. दुकानदार सहा नवे संगणक प्रत्येकी ४२,००० रुपयांना देतो, १६ टक्के व्याजाने २४ हप्ते करून देतो. '४० टक्के घसारा मिळतो, निम्मे पैसे टॅक्समध्येच सुटतील' असं म्हणतो. भाचा म्हणतो, विंडोजऐवजी लिनक्स टाक, फुकट आहे. पगार-भाडं जाऊन मला महिन्याला ४८,००० उरतात. घराचा हप्ता १४,५००, घरखर्च २४,०००, एफडी १ लाख १० हजार. काय करू?

उत्तर: आधी हप्त्याचं बघू. सहा संगणकांचे २,५२,००० रुपये, १६ टक्के, २४ महिने, म्हणजे महिन्याला सुमारे १२,३४० रुपये. घरचा हप्ता आणि खर्च वजा जाता तुमच्या हातात राहतात ९,५००. दर महिन्याला २,८४० कमी पडणार आणि ते एफडीतूनच जाणार. दोन वर्षांत एफडीतले जवळपास ६८,००० संपतील, वर ४४,००० रुपये निव्वळ व्याज भरलेलं असेल. हा व्यवहार करू नका.

घसाऱ्याचा (यंत्र जुनं होत जातं म्हणून धरायच्या खर्चाचा) मुद्दा तुमच्या बाबतीत लागूच होत नाही. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो हे खरं, पण तो उत्पन्नातून वजा होतो, करातून नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न ५ लाख ७६ हजार. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. मुळात कर नाही, तर घसाऱ्याने वाचणार काय? अनुमानित पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून) रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा दाखवताही येत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर मात्र बिल सेंटरच्या नावानेच घ्या. ४२,००० मध्ये १८ टक्क्यांनी ६,४०७ रुपये जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो.

आता मूळ अडचण. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक त्या दिवशी बिघडले नाहीत, त्यांना सुरक्षेचे अपडेट मिळणं थांबलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, तुमची सहावी आहे. व्यवसायांसाठी पैसे भरून अपडेट चालू ठेवता येतात, पण दर पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तीन वर्षांचे एका संगणकाला ४२७ डॉलर. दहा वर्षं जुन्या यंत्रावर इतके घालायचे नाहीत. कुणी ऑनलाइन पाचशे रुपयांची 'की' (विंडोज चालू करायचा कोड) देऊ करेल किंवा अट चुकवून विंडोज ११ टाकून देईल. त्या वाटेला जाऊ नका. तसल्या की कधीही बंद पडतात, आणि अट चुकवलेल्या संगणकाला अपडेट मिळत राहण्याची हमी कंपनी देत नाही. तुमच्याकडे लोकांची आधार, पॅन, बँकेची कागदं येतात.

भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, फक्त सहाही संगणकांना नाही. कुठल्या टेबलावर काय काम चालतं ते लिहून काढा. फॉर्म भरणं, ईमेल, पीडीएफ, साधं टायपिंग असलेले चार संगणक बिनधास्त लिनक्सवर न्या. टॅलीचं टेबल विंडोजवरच राहील, कारण टॅली प्राइम विंडोजसाठीच बनतं. डिजिटल सहीचं टोकन आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र असेल तर तेही त्याच टेबलावर ठेवा, त्यांची सॉफ्टवेअर आधी विंडोजसाठीच निघतात. म्हणून नवा संगणक एकच घ्या, टॅलीसाठी. टॅलीचं लायसन्स नव्याने घ्यायचं नाही: जुन्या संगणकावर 'सरेंडर' करायचं, नव्यावर चालू करायचं.

सहावा डीटीपीचा. श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) किंवा कोरलवर (डिझाइनचं) काम असेल तर तो विंडोज १० वरच राहू द्या, पण नेटची वायर काढून टाका. वायफाय असेल तर तेही बंद. त्यावर फक्त डिझाइन करायचं, फाइलची ने-आण एका ठरलेल्या पेनड्राइव्हने. हे कायमचं उत्तर नाही. हळूहळू जुना मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या मराठी अक्षरांत) आणा.

चार संगणकांवर नेमकं काय करायचं? हे संगणक मंद आहेत ते मुख्यतः हार्ड डिस्कमुळे. विंडोज चालू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडा, डिस्कचा आकडा कितीतरी वेळ १०० टक्क्यांवर दिसेल. प्रोसेसर मात्र रिकामा बसलेला असतो. म्हणून प्रत्येकात २५६ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि आणखी ४ जीबी रॅम घाला. दुकानात '२.५ इंची साटा एसएसडी' असं सांगून मागा, तुमच्या बोर्डावर एम.२ ची (दुसऱ्या, पट्टीसारख्या एसएसडीची) जागा असेलच असं नाही. रॅम घेण्याआधी आतली पट्टी काढून बघा, सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३ असते, काहींवर डीडीआर४, आणि एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. मेमरीचे भाव सध्या सारखे हलतात, तरी बसवणीसकट संगणकामागे ५,००० धरा. चारांचे २०,०००.

त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाका. त्याची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली आहे, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतात आणि पुढची आवृत्तीही फुकटच. विंडोज ११ नुसत्या बसायलाच ६४ जीबी जागा मागतं. मिंटला २० जीबी पुरते. चालू होताना खातं उघडा, क्लाउडला जोडा, अमुक ॲप घ्या असा तगादा नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकत आहेत, सेंटरमध्ये काम करणाऱ्या मुलीही रुळतील.

पण पैसे खर्च करण्याआधी तपासून घ्या. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या सॉफ्टवेअरने मिंट उतरवा, त्यावरून संगणक चालू करा आणि डिस्कला हात न लावता वायफाय, स्कॅनर, प्रिंटर बघा. पेनड्राइव्हवरून ते मंद चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. खरी परीक्षा प्रिंटरची. एचपीचे बहुतेक चालतात. लेझरजेट १०२० ला मात्र एचपीचं वेगळं प्लगइन उतरवावं लागतं, ते नसेल तर काम पाठवलं तरी कागद हलत नाही. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि त्रासदायक आहे. त्याच्याशी झगडू नका. तो टॅलीच्या संगणकाला जोडा, बाकीच्यांनी पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये टाकायची आणि तिथून छापायची.

एसएसडी बसवताना जुनी हार्ड डिस्क पुसू नका. तिच्यातून विंडोज शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून शट डाऊन करा. तसं नाही केलं तर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स ती डिस्क फक्त वाचू देतं. मग ती काढून, टेबलाचा नंबर लिहून, तीन महिने कपाटात ठेवा. काही राहिलं तर यूएसबी अडॅप्टरने जोडून घेता येतं, काहीच जमलं नाही तर तीच परत लावली की जुना संगणक जसाच्या तसा.

फुकट असलं तरी खर्च आहे, तो हात बसण्याचा. मराठीसाठी मिंटमध्ये कीबोर्डाची इनस्क्रिप्ट मांडणी आहे, पण रेमिंग्टन या टाइपरायटरच्या जुन्या मांडणीवर हात बसलेल्या मुलीचा वेग दोन-तीन आठवडे निम्मा होईल. १२,००० पगार असेल आणि अशा दोघी असतील तर दोघींचा मिळून ६,०००-९,००० रुपयांचा वेळ जाईल. परीक्षा आणि प्रवेशाचे फॉर्म सुरू असताना हा बदल करू नका. दुसरं, मंगल फॉन्टमधली वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडली की फॉन्ट बदलतो आणि पानं सरकतात. शेवटची प्रत पीडीएफ करूनच द्यायची, ही सवय लावा. मॅक्रो (आपोआप चालणारे आदेश) असलेल्या एक्सेल फाइल टॅलीच्या संगणकावरच उघडा.

म्हणजे एकूण: नवा संगणक ४२,०००, चार जुने २०,०००, शिकण्याचा वेळ धरून साधारण ७०,०००. कर्ज नाही. नव्या संगणकापुरती एफडी मोडा. ६८,००० शिल्लक राहतील, मुदतीआधी मोडल्याचं व्याजाचं नुकसान कर्जाच्या व्याजापुढे किरकोळ आहे. पहिल्या महिन्यात एकच जुना संगणक मिंटवर न्या आणि गिऱ्हाइकाचं रोजचं काम त्यावर करून घ्या. तो नीट चालला की पुढच्या दोन महिन्यांत उरलेले तीन, महिन्याच्या शिलकेतून. त्यानंतरची शिल्लक एफडीत परत टाकत गेलात तर आठेक महिन्यांत ती पुन्हा १ लाख १० हजारांवर येते. मग दरमहा १,५०० वेगळे आवर्ती ठेवीत, फक्त यंत्रांसाठी. हे संगणक जुने आहेत, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आणि बोर्ड कधीतरी जाणारच.

आणि जमेल तेव्हा मिंटला संगणकामागे दोनशे-पाचशे रुपयांची देणगी द्या. ते काम लोकांच्या देणग्यांवर चालतं, आणि तुमचे जवळपास दोन लाख त्या कामामुळे वाचत आहेत.