अहवाल आधी की आराखडा आधी?

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. धरण असो की महामार्ग, पर्यावरण परिणाम मूल्यांकन होतं आणि पुढे प्रकल्पही होतोच. मग शाश्वत विकासाला त्याचा उपयोग काय? ती फक्त मंजुरीची एक पायरी आहे का?

उत्तर : जागा ठरली, आराखडा झाला, निविदा निघाली आणि मग मूल्यांकनाचा अहवाल मागवला, तर ती पायरीच उरते. तेवढ्यापुरती तुमची शंका रास्त आहे.

पण नाईल नदीवरचं अस्वानचं मोठं धरण बघा. १९६० मध्ये काम सुरू झालं, १९७० मध्ये संपलं. पूर आटोक्यात आले, वीज मिळाली. हे फायदे खरेच आहेत. मात्र पुराबरोबर येणारा गाळ धरणामागे अडकला. खालच्या शेतांना तो मिळेनासा झाला, त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला आणि पुराच्या पाण्यातल्या पोषकद्रव्यांवर पोसलेली समुद्रातली सार्डिनची मासेमारी कोसळली. नदीवर बांधलेल्या भिंतीचा फटका शेकडो किलोमीटर दूरच्या कोळ्यांना बसला! ही साखळी काँक्रीट ओतण्याआधी शोधायची, यासाठी मूल्यांकन असतं.

असं मूल्यांकन सक्तीचं करणारा पहिला राष्ट्रीय कायदा अमेरिकेचा. त्यावर १ जानेवारी १९७० रोजी सही झाली. त्याखालच्या १९७८ च्या नियमांनी पर्यायांच्या प्रकरणाला अहवालाचं हृदय म्हटलं होतं. मला ते पूर्ण पटतं. कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी तेच प्रकरण उघडते. दुसरी जागा, कमी उंची, वेगळं तंत्र, किंवा प्रकल्प न करणं, यांचा खरोखर विचार झालाय का? ठरलेला पर्याय शोभून दिसावा म्हणून बाकीचे दोन-तीन मुद्दाम लंगडे मांडलेले असतील तर ते लगेच कळतं.

मूल्यांकनाला नकाराधिकार नसतो, हेही खरं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्टच सांगितलं की हा कायदा विशिष्ट निकालाची सक्ती करत नाही, प्रक्रियेची करतो. पण परिणाम लेखी आणि जाहीर असले की निर्णय घेणाऱ्याला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणता येत नाही. हे मी फार मोलाचं मानते.

माझं स्वतःचं काम नदीतल्या जीवांच्या नोंदींचं. प्रवाहातला दगड हलकेच उलटायचा, खालच्या कीटकांच्या अळ्या ओळखायच्या, मोजायच्या. काही जातींना भरपूर प्राणवायू लागतो. त्या दिसेनाशा झाल्या की पाणी बिघडल्याचा संशय घ्यायचा. पण आधी त्या होत्या, हे कोणी लिहून ठेवलं असेल तरच! एकाच ऋतूत नमुने घेतले तर अंडी घालायला वर येणारे मासे नोंदीत येतच नाहीत, आणि नोंदीत नसलेल्या माशासाठी वाट ठेवा असं कोण म्हणणार? ‘पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागवता याव्यात’ ही शाश्वत विकासाची संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली अट. त्यांच्यासाठी काय शिल्लक ठेवलं हे तपासायला सुरुवातीचा हिशोब हवाच.

प्रश्न : मंजुरी मिळाल्यावर अहवालाचं काम संपतं का?

उत्तर : नाही. उरुग्वे नदीकाठच्या, कागदासाठी लगदा बनवणाऱ्या कारखान्यावरून अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यात वाद झाला. त्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं, की सीमेपलीकडे गंभीर हानीचा धोका असेल तर मूल्यांकन प्रकल्पाआधी करायला हवं आणि काम सुरू झाल्यावरही परिणामांवर सतत देखरेख हवी. अहवालातले अंदाज खरे ठरले का, हे त्या देखरेखीतूनच कळतं. तुम्ही बांधकामावर रुजू झालात की मंजुरीच्या अटींची प्रत मागून घ्या, आणि प्रत्येक अटीसमोर मोजमाप कोण करणार, किती दिवसांनी करणार, हे लिहिलंय का ते बघा.