वाचकांचे प्रश्न : जुने गेमिंग कार्ड की नवे वर्कस्टेशन कार्ड?

प्रश्न : आमचे जिग आणि फिक्स्चर (यंत्रावर काम करताना सुटा भाग पकडून ठेवणारी साधने) डिझाइनचे छोटे कार्यालय आहे. रोजचे काम सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालते आणि ग्राहकाला दाखवण्यासाठी महिन्यातून काही चित्रे ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करतो, म्हणजे मॉडेलवरून प्रकाश-छायेसह तयार करतो. २०१७ साली घेतलेले जीफोर्स जीटीएक्स १०८० टीआय हे ११ जीबीचे ग्राफिक्स कार्ड अजून ठणठणीत आहे. आता विक्रेता आरटीएक्स ए२००० हे ६ जीबीचे वर्कस्टेशन कार्ड सुचवतो. मेमरी जवळपास निम्मी, आकार निम्मा, पंखा एकच. तरी ते वरच्या दर्जाचे कसे, हे कळत नाही. बदल करावा का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण कागदावरचे आकडे जुन्या कार्डाच्याच बाजूने बोलतात. १०८० टीआय सेकंदाला सुमारे ११.३ लाख कोटी गणिते करू शकते. २०२१ साली आलेले ए२००० सुमारे ८ लाख कोटींवर थांबते. मेमरीतून माहिती वाहण्याचा वेगही जुन्याचा सेकंदाला ४८४ जीबी, तर नव्याचा २८८ जीबी. गणित करणारे छोटे भाग, म्हणजे कुडा कोअर, ३,५८४ विरुद्ध ३,३२८, म्हणजे तिथे फारसा फरक नाही; मात्र ही मोजदाद दोन पिढ्यांत सारखी नाही. १०८० टीआयच्या पास्कल पिढीत प्रत्येक कोअर पूर्णांकांचे कामही करतो आणि दशांशाचेही. ए२००० च्या अँपिअर पिढीत निम्मे कोअर फक्त दशांशाचे काम करतात आणि उरलेले निम्मे गरजेप्रमाणे दोन्हींपैकी एक. त्यामुळे कोअरच्या संख्येवरून तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या मापांनी धान्य मोजण्यासारखे आहे.

मग वर्कस्टेशन कार्डाला जास्त पैसे कशाचे पडतात? आपल्या बाबतीत मुख्यतः ड्रायव्हरचे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे. सॉलिडवर्क्सच्या निर्मात्यांकडे तपासून मान्य केलेल्या कार्डांची आणि ड्रायव्हरांची यादी असते व त्या यादीत वर्कस्टेशन कार्डे असतात, जीफोर्स नसतात. याचा दिसणारा परिणाम आपण रोज पाहत असाल : मॉडेल खऱ्या वस्तूसारखे दाखवणाऱ्या रिअलव्ह्यूचे बटण करडे राहते, दाबले तरी काही होत नाही. दुसरा परिणाम सहज दिसत नाही. मॉडेल फिरवताना कडा अर्धवट दिसणे किंवा मोठ्या असेम्ब्लीत (अनेक सुटे भाग जोडलेल्या मॉडेलात) खिडकी काळी पडणे अशी तक्रार घेऊन आपण मदतकेंद्राला फोन केला, तर पहिला प्रश्न कार्डाचा येतो आणि जीफोर्स म्हटल्यावर बोलणे बहुधा तिथेच संपते. ज्या कार्यालयात गुरुवारी ड्रॉइंग द्यायचे म्हणजे गुरुवारीच द्यायचे असते, तिथे या एका गोष्टीला मी वेगापेक्षा जास्त वजन देईन.

याबरोबर काही समज मात्र काढून टाकावेत. वर्कस्टेशन कार्ड म्हणजे अधिक अचूक गणित, असे सर्रास सांगितले जाते. दुहेरी अचूकतेचे, म्हणजे दुप्पट बिटांत मांडलेल्या संख्यांचे, गणित जुने कार्ड आपल्या एकेरी वेगाच्या १/३२ वेगाने करते आणि ए२००० तर १/६४ वेगाने. त्यासाठी दोन्हींपैकी कोणतेच घेऊ नये. दहा बिटांचा रंग, म्हणजे छटांच्या अधिक बारीक पायऱ्या, फक्त महागड्या कार्डांतच मिळतो, हेही आता जुने झाले. २०१९ पासून या कार्डांची कंपनी एनव्हिडिया हिच्या स्टुडिओ ड्रायव्हरमुळे तो जीफोर्सवरही मिळतो. ए२००० मध्ये मेमरीतील चुका सुधारणारी ईसीसीची सोय आहे, ती खरी. पण जिग-फिक्स्चरच्या कामात तिची उणीव आपल्याला गेल्या इतक्या वर्षांत जाणवली नसेल, आणि पुढेही जाणवणार नाही.

ब्लेंडरचे गणित वेगळे आहे. प्रकाशकिरण कुठे आदळतो हे शोधण्यासाठी ए२००० मध्ये स्वतंत्र आरटी कोअर आहेत, पास्कलमध्ये ते नाहीतच. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात कुडाऐवजी ऑप्टिक्स (आरटी कोअर वापरणारी पद्धत) निवडले की हे लहानसे कार्ड जुन्याच्या स्पष्ट पुढे जाते. अट एकच : दृश्य मेमरीत मावले पाहिजे. ११ जीबीत सहज बसणारे, जड टेक्स्चरांचे (पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांचे) दृश्य ६ जीबीत बसले नाही, तर कार्डाला संगणकाच्या रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि सगळा वेग मातीत जातो. म्हणून विकत घेण्यापूर्वी एक काम करावे. आपली सर्वांत मोठी असेम्ब्ली उघडावी, नंतर सर्वांत जड दृश्य रेंडरला लावावे आणि दोन्ही वेळी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूखाली ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ किती भरते ते टिपून ठेवावे. आकडा पाच जीबीच्या पुढे जात असेल, तर विक्रेत्याला सरळ सांगावे की याच कार्डाची १२ जीबीची आवृत्ती दाखवा. ती निघालेली असताना ६ जीबीचे का पुढे केले, हेही विचारून पाहावे.

विजेचा मुद्दा लोक उगाच मोठा करतात. जुने कार्ड पूर्ण भाराला २५० वॉट खाते, नवे ७० वॉट. रोज सहा तास, महिन्यात पंचवीस दिवस सलग रेंडर केले, तरी फरक २७ युनिटांचा; आणि आपण तितके रेंडर करत नाही. उन्हाळ्यात खोली कमी तापते, हा फायदा बिलापेक्षा आधी लक्षात येईल.

वेळेचे बंधन मात्र आहे. पास्कलला आधार देणारी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका आहे, ऑक्टोबर २०२५ नंतर या पिढीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात आणि एनव्हिडियाच्या कुडा या गणिती सॉफ्टवेअरच्या १३ व्या आवृत्तीने तिला वगळले आहे. म्हणजे कार्ड उद्या बंद पडणार नाही, पण सॉलिडवर्क्स आणि ब्लेंडर पुढे सरकत राहतील व ते जागेवर राहील. दोन्ही कार्डे एकाच संगणकात बसवण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण जुन्यासाठी नव्यालाही ५८० वर अडकून पडावे लागेल. माझे मत : १२ जीबीचे ए२००० घ्यावे, आणि १०८० टीआय घरी मुलांच्या संगणकात जाऊ द्यावे. किरणांची नक्कल न करणाऱ्या खेळांत ते आजही ए२००० ला मागे टाकते.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे कार्यालयातून निघालेला, जुना, बुटका संगणक आहे. एक मित्र वापरलेले १०८० टीआय स्वस्तात देतो आहे. रेव्हिट आणि ऑटोकॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी घेऊ का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : घेऊ नका, कारण ते बसणारच नाही. त्या कार्डाची मूळ आवृत्ती २६७ मिलिमीटर लांब आणि पूर्ण उंचीची आहे, तिला ८ पिनची व ६ पिनची अशा दोन वेगळ्या वायरी लागतात आणि एनव्हिडियाने तिच्यासाठी ६०० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, सांगितला आहे. आपल्या डब्यात यातले काहीच नसणार. ए२००० अर्ध्या उंचीचे असून सगळी वीज स्लॉटमधूनच घेते. तरी दोन गोष्टी पाहाव्यात : शेजारचा स्लॉट रिकामा आहे ना, कारण कार्ड दोन स्लॉट जाड आहे, आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत स्लॉटला पूर्ण ७५ वॉट दिले आहेत ना, कारण काही बुटक्या संगणकांत तेवढे मिळत नाहीत.

ऑटोकॅडचे द्विमितीय काम आणि रेव्हिटचा बराचसा भार प्रोसेसरवर पडतो, तेव्हा रॅम ८ जीबी असेल तर आधी ती वाढवावी आणि कार्डाचा विचार त्यानंतर करावा. कार्ड घेतलेच, तर त्याच्या मागे चारही जोडण्या मिनी डिस्प्लेपोर्टच्या असतात हे लक्षात ठेवून एचडीएमआयचा अडॅप्टर त्याच दिवशी घ्यावा. नाहीतर कार्ड बसवून झाल्यावर मॉनिटरची वायर हातात धरून बसावे लागेल.